सांदणाची परवानगी

सखूच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी महिपत सकाळपासून पडवीत नारळ सोलत बसला होता. एवढे नारळ लागणार नव्हते. पण घरात माणसं भरली की हात रिकामे ठेवून चालत नसे. लगेच कोणीतरी शेजारी येऊन बसे आणि हळू आवाजात विचारी, "जेवतोस ना नीट?" वर्षभर हा प्रश्न ऐकून त्याचे कान किटले होते. हातात नारळ असला की लोक निदान नारळाबद्दल बोलत.

"बाबा, पुरे आता," मुलगी वेदिका आतून चहा घेऊन आली. "एवढ्या नारळांचं काय करणार?"

"सांदणाला लागतील."

"सांदण फातिमामावशी करणार. तिच्याकडे नारळ नाहीत का?"

"तरी आपले द्यावेत."

वेदिका हसली आणि पायरीवर बसली. ती डब्लिनला असते. तिथल्या एका संग्रहालयात जुनी पत्रं लावायचं काम करते. आईच्या वर्षासाठी सुट्टी घेऊन गावी, नाट्याला, आली होती आणि आल्यापासून महिपतच्या बाजूने होती. तसं बघितलं तर घरातली सगळी तरुण मंडळी त्याच्या बाजूने होती. भानगड तिथेच झाली होती.

महिपतचं मागणं अगदी साधं होतं. वर्षाच्या दिवशी गेलेल्या माणसाचं पान वेगळं वाढतात आणि त्यात त्याच्या आवडीचं काहीतरी लागतं. सखूला आवडायचं फातिमाबीच्या हातचं सांदण. फातिमाबी मोहल्ल्यातली. दोघींनी मिळून किती उन्हाळे आंब्याची साटं घातली, कातळावर एकाच चटईवर वाळवली आणि राजापूरच्या बाजारात एकाच पाटीतून विकली. शेवटी शेवटी सखूला काही जात नव्हतं तेव्हा फातिमाबी डब्यातून सांदण आणायची, त्यातलं एखादं ती खायची. मऊ, गोड, तांदळाचा रवा नारळाच्या पाण्यात आंबवून वाफवलेलं. सखूच्या पानात दुसरं काही वाढायची कल्पनाच महिपतला सहन होत नव्हती.

पण या घरात आप्पांना विचारल्याशिवाय काही होत नसे.

आप्पा म्हणजे महिपतचे थोरले भाऊ गंगाराम. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, निवृत्त होऊन खेडला राहिले. घरात कोणी जमीन घेवो, मुलगी बघो, दाढ काढो, आधी आप्पांना विचारायचं. पूर्वी लोक त्यांना कार्ड टाकीत आणि परतीच्या टपालाने एका ओळीचं उत्तर येई. आता फोनवर विचारतात, उत्तर तसंच येतं. 'हरकत नाही.' किंवा 'तूर्त थांबावे.' याच्यापेक्षा जास्त आप्पा लिहीत नाहीत.

महिपतने त्यांना विचारलं नव्हतं. नको म्हणाले तर काय करायचं, हे त्याला ठरवता येत नव्हतं, म्हणून.

"बाबा, एक सांगायचं होतं." मुलगा विनीत दारात उभा राहिला. रत्नागिरीला त्याचा दवाखाना आहे, पण वडिलांसमोर उभा राहिला की अजून शाळेतल्यासारखा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरतो. "मी आप्पांना विचारलं."

"काय विचारलंस?"

"तेच. म्हटलं, उद्याच्या जेवणात एक पदार्थ बाहेरून आणला तर चालेल ना, घरगुती आहे, स्वच्छ आहे, मी स्वतः खातो."

"आणि?"

विनीतने फोन पुढे केला. 'डॉक्टरांची खात्री असल्यास हरकत नाही.'

महिपतच्या हातातला नारळ खाली आला. "म्हणजे हो म्हणाले?"

"हो म्हणाले!"

"कोणाच्या घरून ते सांगितलंस?"

विनीत पुन्हा जमीन उकरू लागला. "ते त्यांनी विचारलं नाही."

तेवढ्यात रिक्षा वाजली आणि आप्पा आले. बरोबर त्यांची मुलगी शमिका. ती खेडच्या कोर्टात वकिली करते. आप्पांनी पाय धुतले, सखूच्या फोटोसमोर हात जोडून बराच वेळ उभे राहिले आणि मग झोपाळ्यावर बसले. शमिका सरळ महिपतजवळ आली आणि कानात बोलली, "काका, काळजी करू नका. काम झालंय."

"कसलं काम?"

"मी आप्पांना गाडीत विचारलं. म्हटलं, श्राद्धात दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या हातचं घेऊ नये असा कुठे लेखी नियम आहे का? ते म्हणाले, लेखी नाही. झालं! लेखी नाही म्हणजे मनाई नाही."

महिपतला आता खरोखर बरं वाटायला लागलं होतं. इतक्यात स्वयंपाकघरातून येसूआत्या बाहेर आली. ही या दोघा भावांची मधली बहीण. हाताला तांदळाचं पीठ, पदर कमरेला, आणि चेहरा बघून कळत होतं की काहीतरी घेऊन आली आहे.

"आप्पा, तू काल मला फोनवर काय बोललास ते ह्यांना सांग."

"काय बोललो?"

"मी विचारलं, सखूच्या पानाला मोहल्ल्यातून रांधून आणतायत, तुला चालतं का? तू काय बोललास?"

आप्पांनी झोपाळा थांबवला. "मुळीच नाही, असं बोललो."

"ऐकलंस महिपत?"

"आक्का, पण विनीतला हो म्हणाले!"

"आणि मला म्हणाले लेखी नाही," शमिका म्हणाली.

सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला. "डॉक्टरने विचारलं स्वच्छ आहे, चालेल का. चालेल. वकिलाने विचारलं लेखी आहे का. नाही. येसूने विचारलं मोहल्ल्यातून चालेल का. नाही चालणार. ज्याने जे विचारलं त्याला त्याचं उत्तर दिलं. यात माझं काय चुकलं?"

वेदिका इतक्या जोरात हसली की चहाचा कप तिच्या हातातून पडता पडता राहिला.

"हसतेस काय गो?" येसूआत्या म्हणाली. "आईचं वर्ष आहे उद्या."

"आत्या, आई पण हसली असती. आप्पा, तुम्हाला सांगू? तुमच्यासारखा एक माणूस आयर्लंडमध्ये होता. मी रोज त्याचीच पत्रं वाचते."

आप्पांना हे आवडलं. "कोण? कलेक्टर?"

"आर्चबिशप. तिथल्या कॅथलिक लोकांचा सगळ्यात मोठा धर्मगुरू. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट. डब्लिनमध्ये त्याला विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. डॉक्टर विचारायचे, वकील विचारायचे, पेपरवाले, हॉटेलवाले, साध्या घरातल्या बाया. एकीने विचारलंय, मुलगा हुशार आहे, त्याला त्या दुसऱ्या पंथाच्या कॉलेजात घालू का? एका हॉटेलवाल्याने विचारलंय, आमच्याकडे नाचाचा कार्यक्रम ठेवलाय, बायकांचे झगे केवढे असावेत?"

"झगे?" येसूआत्या दाराची चौकट धरून खाली बसली. "देवाच्या माणसाला झगे विचारले?"

"मापासकट."

"मेल्यांनो! मग काय बोलला तो?"

"घोट्यापर्यंत."

"बरोबर बोलला," येसूआत्या म्हणाली. तिचं त्या आर्चबिशपबद्दल तिथल्या तिथे चांगलं मत झालं.

"प्रत्येकाला उत्तर द्यायचा?" आप्पांनी विचारलं.

"प्रत्येकाला. सही स्वतःची."

"माणूस कामाचा होता," आप्पा म्हणाले. "आमच्या कचेरीत अर्ज दिला तर पोच मिळत नसे."

"आणि उत्तर तुमच्यासारखंच, आप्पा. डॉक्टरला डॉक्टरचं, आईला आईचं. एकाच गोष्टीला दोन माणसांना दोन उत्तरं मी स्वतः बघितलीत. लोकांना पण ते माहीत होतं. हवं ते उत्तर येईल असाच प्रश्न लिहायचे." तिने विनीतकडे आणि शमिकाकडे बघितलं. दोघांनी माना दुसरीकडे फिरवल्या.

"पण एक पत्र मला विसरता येत नाही," वेदिका पुढे म्हणाली. "एक डॉक्टर होता. त्याच्याच इस्पितळातला त्याचा जोडीदार वारला, बरोबर काम केलेला, पण दुसऱ्या पंथाचा. आता ह्यांच्यात दुसऱ्यांच्या चर्चमध्ये पाऊल टाकायची बंदी. तर ह्याने आर्चबिशपला लिहिलं, माझ्या मित्राची शेवटची प्रार्थना आहे, मी आत जाऊ का?"

आप्पा झोपाळ्यावर पुढे सरकले आणि वेदिकाकडे बघू लागले.

"उत्तर आलं, बाहेर फाटकापाशी उभं राहावं. टोपी काढून."

"राहिला?" विनीतने विचारलं.

"राहिला असेल. त्याचं पुढचं पत्र नाही."

"नियम म्हणजे नियम," आप्पा म्हणाले, पण नेहमीच्या जोराने नाही.

 महिपतने नारळ बाजूला ठेवला. "वेदे, त्या मेलेल्या माणसाला बायको होती?"

"होती. पत्रात नाव आहे तिचं."

"तिला कोणी विचारलं? तिला तो आत हवा होता का बाहेर?"

"तिचं पत्र नाही, बाबा. ती त्यांच्यातली नव्हती ना. ती कशाला त्याला लिहील?"

महिपत उठला. त्याच्या एकदम लक्षात आलं होतं. विनीतने आप्पांना विचारलं, शमिकाने विचारलं, येसूने विचारलं. त्याने स्वतः दहा वेळा मनातल्या मनात आप्पांना विचारलं. सांदण कुठून आणायचं, कशातून आणायचं, कोण आणेल, सगळं ठरलं होतं. फक्त फातिमाबीला कोणी विचारलं नव्हतं.

त्याने चपला घातल्या.

"कुठे चाललास?" येसूआत्या ओरडली.

"आलो."

मोहल्ला फार लांब नाही. बांधावरून गेलं की मशिदीच्या मागे फातिमाबीचं घर. ती अंगणात बसून वाळलेल्या जवळ्यातला कचरा काढत होती. महिपतला बघून तिने ओढणी नीट केली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"या, महिपतभाऊ. वाट चुकलात काय?"

"नाय. उद्या सखूचं वर्ष आहे."

"मला म्हायत नाय?" ती म्हणाली. "माझ्या लक्षात नसेल तर कोणाच्या असणार?"

महिपतला बोलायचं फारसं जमत नसे. सखू होती तोवर तीच त्याच्या वाटचं बोलायची. तो स्टुलावर बसला आणि मनात होतं ते सरळ बोलून टाकलं. "तिच्या पानात वाढायला तुमच्या हातचं सांदण पाहिजे होतं."

"सांदण."

"हां. नारळ मी देतो."

फातिमाबीचे हात थांबले. "माझं सांदण तुमच्या घरी जाईल. पानावर बसेल. आणि मी कुठं बसेन?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय, ते कळत नाय तुम्हाला? सखू गेली त्या दिवशी मी आले. तिला नेईस्तोवर अंगणात उभी होते. आत कोणी बोलवलं नाय. मी मनात बोलले, जाऊ दे, घरात गडबड आहे. मग बारावं झालं, तेरावं झालं. मी आपली धुतलेला ड्रेस काढून ठेवते, आज कोणीतरी येईल. आमचा अद्नान आखातातून, दोह्यावरून फोनवर बोलला, अम्मी, त्यांच्यात तसं नसेल. मी बोलले, असेल बाबा." तिने सुपातला जवळा एकदा वर उडवून घेतला. "आणि वर्षानी आलात ते रांधायला सांगायला? मी नाय करणार सांदण. मला जेवायला बोलवा. सखूच्या पंगतीत. जमत नसेल तर राहू द्या, मी रागावणार नाय. पण सांदण मागू नका."

महिपतला वाटलं, आता काहीतरी बोलायला पाहिजे.  "बरं," तो म्हणाला आणि उठला.

"चा तरी घ्या."

"परत येतो," महिपत म्हणाला.

घरी येईस्तोवर त्याला रागही आला होता आणि हसूही येत होतं. राग स्वतःचा आणि हसू फातिमाबीच्या 'मी कुठं बसेन?' या प्रश्नाचं. असलं बोलणं सखूला सुचायचं. दोघी एकमेकींकडून शिकल्या असणार.

पडवीत सगळे तसेच बसले होते. त्याने उभ्या उभ्या सांगितलं. "सांदण नाय करत म्हणते. जेवायला येते म्हणते."

"पंगतीत?" आप्पांनी विचारलं.

"पंगतीत."

विनीत आणि शमिका एकमेकांकडे बघू लागले. सांदण बाहेरून आणायची तयारी त्यांनी केली होती, बाईला आत आणायची केली नव्हती. विनीत म्हणाला, "बाबा, गावातली मंडळी येणार. नंतर काही बोलले तर तुम्हालाच इथे राहायचंय." शमिका म्हणाली, "काका, आपण तिला वेगळं, म्हणजे मान देऊनच, संध्याकाळी बोलावलं तर?"

"वेगळं कशाला?" येसूआत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"बघता काय? माझं म्हणणं रांधण्याबद्दल होतं. सखूच्या पानाचं अन्न ह्या घरच्या चुलीवर शिजलं पाहिजे, आणि ते मी शिजवणार. ती रांधत नाय ना? मग माझं भांडण संपलं. जेवायला येणाऱ्या माणसाला आजवर मी दारातून परत पाठवलेलं नाय, उद्या पाठवणार नाय. उलट तुम्हीच काय ते, सकाळी अन्न चालत होतं आणि आता माणूस चालत नाय?"

"आत्या!" वेदिकाने तिला मिठी मारली.

"सोड गो, पीठ लागेल."

विनीत लाजला. शमिकाने तोंड उघडलं आणि मिटलं, आणि वकिलाने असं करणं सगळ्यांनाच नवीन होतं. मग सवयीने सगळ्यांच्या नजरा झोपाळ्याकडे गेल्या. आप्पा झोका घेत नव्हते. पायाने जमीन धरून बसले होते.

"मला कोणी विचारणार आहे का?" ते म्हणाले.

"नाय," महिपत म्हणाला. स्वतःचाच आवाज ऐकून त्याला नवल वाटलं. "आप्पा, ह्या वेळी विचारायचं काही उरलं नाय. आमंत्रण द्यायला जायचं आहे. आणि वर्षाचं आमंत्रण घरातल्या थोरल्याने दारात जाऊन द्यायचं असतं. मी धाकटा. मी गेलो तो काही आमंत्रण द्यायला नव्हतो गेलो. मागायला गेलो होतो."

आप्पांनी सखूच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "सून माझी होती."

"भावजय," येसूआत्याने दुरुस्त केलं.

"तेच ते. घरात मी आणली होती. पसंत मी केली होती." त्यांनी उपरणं झटकलं. "टोपी कुठे आहे माझी?"

महिपत आणि आप्पा बांधावरून चालत निघाले तेव्हा भाताच्या पेंढ्यांवर ऊन कलत होतं. आप्पा वाटेत दोनदा थांबले. एकदा दम लागला म्हणून आणि एकदा म्हणाले, "काय बोलायचं असतं रे? मला कोणाला बोलवायची सवय नाय."

"उद्या जेवायला या, असं बोलायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

फातिमाबीने आप्पांना बघितलं आणि घाईघाईने आतून खुर्ची आणली. आप्पा बसले नाहीत. टोपी काढून त्यांनी हातात घेतली, का ते महिपतला कळलं नाही, आणि म्हणाले, "उद्या आमच्या सखूचं वर्ष आहे. तुम्ही जेवायला या."

फातिमाबीने रिकामी खुर्ची पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "आप्पा, तुम्ही स्वतः आलात, बरं वाटलं. पण मला घरात विचारायला पाहिजे."

आप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं ते महिपतने आजवर कधी बघितलं नव्हतं. कचेरीच्या खिडकीसमोर उभं राहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी.

"हो, हो. विचारा की," आप्पा म्हणाले. "मी थांबतो."

तिने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. पलीकडे बराच गोंगाट होता. "अद्नान, सखूमावशीचं वर्ष आहे. आप्पा आलेत जेवायला बोलवायला. जाऊ?"

"कोण आप्पा?" अद्नानने विचारलं.

मोहल्ल्यात कुठेतरी कोंबडा आरवला. आप्पा फोनजवळ वाकले. "मी गंगाराम. महिपतचा भाऊ. खेडला असतो."

"हां, हां, चाचा. सलाम. अम्मी, तू मला काय विचारतेस? सखूमावशीच्या घरी जायला तू कधीपासून विचारायला लागलीस? मी कामावर आहे, ठेवतो."

फातिमाबीने फोन ओट्यावर ठेवला. ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते, आणि ती दोन्ही लपवत नव्हती. "पानं कधी मांडतात?"

"दुपारी," महिपत म्हणाला.

"तुम्ही माझ्या शेजारी बसा," आप्पा म्हणाले.

"तुमच्या शेजारी नको, आप्पा. सखू सांगायची, तुम्ही जेवताना फार शिकवता. मला येसूबायच्या शेजारी बसवा."

आप्पा मोठ्याने हसले. वर्षभरात ते हसलेले महिपतने ऐकले नव्हते. चहा झाला, जवळ्याचा भाव झाला, अद्नानच्या पोरांची नावं झाली. निघताना आप्पांनी अंगणात वळून पुन्हा एकदा सांगितलं, "या हां, नक्की." आमंत्रण द्यायचं जमतं हे कळल्यावर त्यांना ते परत परत द्यावंसं वाटत होतं.

बांधावर आल्यावर ते म्हणाले, "महिपत, सांदणाचं तू परत बोललाच नाहीस."

"नाय."

"का? आता तिने केलं असतं."

"पाहुणीला रांधायला कोण सांगतं, आप्पा?"

"मग सखूच्या पानात काय?"

महिपत चालत राहिला. सकाळपासून, खरं तर कित्येक दिवस, हाच प्रश्न त्याच्या छातीवर बसून होता. आता तो हलका वाटत होता, नारळाची सोडणं काढून टाकल्यावर आतला नारळ वाटतो तसा.

"येसूआक्का करील ते," तो म्हणाला. "सखूला काय, ती कोणाच्याही हातचं खायची."